खडूच्या खोक्यातली सव्वीस मतं

आमच्या कॉलेजात प्राचार्य धरून आम्ही सव्वीस प्राध्यापक होतो. तिघे डॉक्टरेटवाले, एक लंडनला दोन वर्षं राहून आलेला आणि ते दर पाच मिनिटांनी आठवण करून देणारा, आणि बाकीचेही कुणी बुद्धीने कमी नाहीत. स्टाफरूममध्ये चहा आला की व्हिएतनामचा प्रश्न सुटायचा, तेलाचा सुटायचा, अन्नधान्याचा सुटायचा. खालच्या मजल्यावर मुलींच्या संडासात तीन वर्षं पाणी नव्हतं, तो मात्र सुटला नाही. मी हे रागाने लिहिते आहे हे आधीच सांगते. वाचून कुणी म्हणेल की बाईंनी जरा समतोल ठेवायला हवा होता. समतोल ठेवणारे पंचवीस जण होते, त्यांनी काय केलं तेच सांगायचं आहे.

मी शकुन टिकेकर. माझा जन्म कलकत्त्याचा, घर बालीगंजला, चौदा वर्षं प्राचीन इतिहास शिकवते. ग्रीस आणि रोम माझ्याकडे. हा विषय मला ज्यांनी शिकवला ते भालचंद्र मोडक याच कॉलेजात होते, निवृत्तीला एक वर्ष राहिलेलं. त्यांचे वडील गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत नोकरीला म्हणून नागपूरहून आले आणि इथलेच झाले. कॉलेजात ते 'सर', घरी 'काका'. मला नोकरी लागली ती त्यांच्या शब्दावर, आणि माझे वडील गेले तेव्हा सगळं त्यांनीच उभं राहून केलं. त्यांच्याबद्दल मी एक वाकडा शब्द कधी ऐकून घेतला नव्हता.

गोष्ट एकाहत्तर सालची. त्या वर्षांत कलकत्त्यात परीक्षा म्हणजे काय होती ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगूनही खरं वाटणार नाही. बंगालीत नकलेला टोकाटुकी म्हणतात. शब्द ऐकायला गोड आहे. प्रत्यक्षात पोरं हॉलमध्ये पुस्तकं घेऊन यायची, बाकावर चाकू रोवायची आणि पुस्तक उघडून लिहायला लागायची. कोणत्या पार्टीची होती ते मला विचारू नका. पार्ट्या महिन्याला बदलत होत्या, चाकू तेच होते. आम्ही पर्यवेक्षक खिडकीपाशी उभे राहून बाहेरचं झाड बघायचो. हो, मीसुद्धा. पहिल्या दोन पेपरांना मीही झाडच बघितलं.

तिसरा पेपर माझ्या विषयाचा होता. नऊ नंबरच्या खोलीत बेचाळीस परीक्षार्थी, त्यांतल्या एकेचाळिसांसमोर पुस्तक. बेचाळिसावी अनिमा हालदार.

अनिमा बजबजहून यायची, लोकलने बालीगंज स्टेशनला उतरून पायी. बाप ज्यूट मिलमध्ये मागावर. घरात पाटी धरणारी ही पहिली. बजबजच्या मुलींच्या शाळेत तिच्यासाठी एक जागा थांबवून ठेवली होती. मुख्याध्यापिकेने सांगून ठेवलं होतं, बी.ए.चा निकाल दाखव आणि दुसऱ्या दिवशी वर्गावर उभी राहा. या वर्षीचा निकाल, पुढच्या वर्षीचा नाही. पुढच्या वर्षापर्यंत जागा कोण थांबवतो? वर्गात ती फार बोलायची नाही, पण जे विचारायची त्याने माझी पंचाईत व्हायची. टायबेरियस ग्रॅकस शिकवताना मी सांगत होते की गरिबांना जमिनी वाटायचा कायदा आणला म्हणून रोमच्या सिनेटरांनी त्याला भर सभेत मारलं, बाकांचे पाय उपटून मारलं. ती उभी राहून म्हणाली, बाकीचे सिनेटर तेव्हा काय करत होते? मी म्हटलं, त्याची नोंद नाही. ती बसली. तिचं समाधान झालेलं नव्हतं आणि माझंही झालं नव्हतं.

पेपर सुरू होऊन तास झाला असेल. तिच्या मागच्या बाकावरच्या पोराने, तापस नाव त्याचं, तिची उत्तरपत्रिका मागितली. पुस्तकात शोधायचा कंटाळा आला असावा. तिने दिली नाही. त्याने ओढून घेतली आणि ती बाकाबाकांवरून फिरायला लागली. पाच मिनिटं ती बसून राहिली, मग उठली, त्याच्यापाशी गेली आणि हात पुढे करून म्हणाली, परत दे. खोलीत हसले सगळे. त्याने तिची पत्रिका उभी फाडली, आडवी फाडली आणि खिडकीतून टाकून दिली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी झाडाकडे बघत होते.

तिच्या त्या बघण्याने मी हलले, आधी नाही. ही गोष्ट मी स्वतःला माफ करून लिहीत नाही. मी खाली गेले, अंगणातून कागदाचे तुकडे गोळा केले, नळापाशी पडलेले दोन भिजले होते तेही घेतले. एका तुकड्यावर ग्रॅकसच्या प्रश्नाचं उत्तर होतं. तिने लिहिलं होतं की मारणारे मोजके होते, बघत उभे राहिलेले मात्र सगळे शिकलेले होते. पुस्तकात हे वाक्य नाही. माझ्या टिपणांतही नव्हतं.

पेपर संपला की पर्यवेक्षकाने एका छापील कागदावर सही करायची पद्धत होती. कागदावर आधीच छापलेलं असायचं, 'परीक्षा शांततेत पार पडली'. आपण फक्त सही करायची. हा कागद ज्याने छापला त्याला माणसाची पूर्ण पारख होती. मी छापील ओळ खोडली, खाली घडलं ते लिहिलं, तापसचं नाव लिहिलं, आणि तुकडे पाकिटात घालून प्राचार्यांकडे गेले.

प्राचार्य अमियभूषण लाहिडी वाईट माणूस नव्हते. वाईट माणसांवर मला इतका राग येत नाही. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला आणि समजावलं की एकट्या पर्यवेक्षकाचा अहवाल म्हणजे विद्यापीठाच्या लेखी व्यक्तिगत तक्रार. केंद्राने, म्हणजे कॉलेजच्या स्टाफ कौन्सिलने ठराव करून तोच अहवाल पाठवला तर मुलीची त्या पेपराची फेरपरीक्षा होऊ शकते. नाही तर नियम सरळ आहे. पत्रिका जमा नाही म्हणजे नापास. तुम्ही ठराव आणा, मिसेस टिकेकर, मी आडवा येणार नाही, असं ते म्हणाले. मी मिसेस नाही हे चौदा वर्षांत त्यांच्या लक्षात आलेलं नव्हतं.

म्हणजे अनिमाचं वर्ष, ती शाळेतली जागा, सगळं सव्वीस जणांच्या हातात आलं. मला काय आनंद झाला होता त्या दिवशी! सव्वीस शिकलेली माणसं, प्रकार उघड, पुरावा पाकिटात. तेरा-चौदा मतं तर सहज मिळतील.

चार दिवस मी एकेकाला भेटले. सगळे हळहळले. बंगाली भद्र माणूस हळहळायला लागला की ऐकत राहावं, इतकं सुंदर हळहळतो. पण कुणी हो म्हणेना. लंडनवाले मित्तिर म्हणाले, या मुलांमागे कोण आहे तुम्हाला ठाऊक आहे ना? अर्थशास्त्राचे बिश्वास म्हणाले, माझी सहानुभूती गृहीत धरा. हिंदी शिकवणारी प्रेमलता माथुर माझा हात हातात घेऊन डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, मला घरी जायला रोज अंधारी गल्ली पडते गं. मला तिची कीव आली. वाटलं, ही माणसं घाबरलेली आहेत. यांची मनं जागेवर आहेत, फक्त मानेवर सुरी आहे.

रविवारी मी मोडककाकांकडे गेले. लीलाकाकूंनी थालीपीठ केलं होतं. काकांनी तुकडे एकेक करून टेबलावर जुळवले, चष्मा लावून वाचले आणि म्हणाले की अशी विद्यार्थिनी त्यांना तेहतीस वर्षांत दोनदा मिळाली. पहिली कोण ते त्यांनी सांगितलं नाही, पण काकू माझ्याकडे बघून हसल्या. निघताना ते दारापर्यंत आले आणि म्हणाले, "माझं मत तुझ्याकडे आहे, शकुन. ते धरूनच चाल."

आता माझ्या चुकीकडे येते. ती मी अज्ञानाने केली असती तर आज निवांत झोपले असते. ती मी शिकलेलं वापरून केली.

रोममध्ये पूर्वी मत तोंडाने सांगायचे. मतदार एका अरुंद फळीवरून जायचा आणि शेवटी उभ्या असलेल्या माणसाला आपलं मत ऐकवायचा. जवळच त्याचा धनी उभा. ज्याच्या जमिनीवर राबतो, ज्याच्या दारात सकाळी सलाम करायला जातो, तो कान देऊन ऐकतोय. मग कायदा आला. मेण लावलेल्या पाटीवर मत लिहायचं आणि पेटीत टाकायचं, कुणाला कळणार नाही. सरदारांनी खूप थयथयाट केला. मी चौदा वर्षं हा कायदा वर्गात रंगवून शिकवत होते. फळ्यावर ती फळी काढायची, ती पेटी काढायची. भीती काढून घेतली की माणूस खरं बोलतो, हे माझं आवडतं वाक्य होतं. आमच्या स्टाफ कौन्सिलमध्ये मत हात वर करून द्यायची पद्धत होती. म्हणजे आम्ही अजून त्या फळीवरच होतो, असं मला वाटलं.

सभा गुरुवारी दुपारी तीनला. लाहिडींनी अनिमाला बोलावून घेतलं होतं. तिने उभं राहून चार वाक्यांत घडलं ते सांगितलं. कुणी एक प्रश्न विचारला नाही. मग ती दारापाशी स्टुलावर बसली, मांडीवर पिशवी, आणि एकेकाच्या तोंडाकडे बघायला लागली. बाहेर व्हरांड्यात विद्यार्थी युनियनची पाच-सहा पोरं कठड्याला टेकून उभी होती. खिडक्या उघड्या होत्या, त्यांना सगळं दिसत होतं.

लाहिडी म्हणाले, ठराव असा की नऊ नंबरच्या खोलीतला प्रकार जसाच्या तसा विद्यापीठाला कळवावा. ज्यांची संमती आहे त्यांनी...

मी उठले आणि म्हटलं की हात नकोत, चिठ्ठ्या घ्या. बाहेर कोण उभं आहे ते सगळ्यांना दिसतंय. या परिस्थितीत उघड मत मागणं अन्याय आहे. प्रत्येकाला निर्भयपणे मत देता आलं पाहिजे.

काकांनी खालून माझा पदर ओढला. मराठीत, अगदी हळू म्हणाले, "राहू दे. हातच वर करू देत."

मला वाटलं, म्हातारपण. जुनी पद्धत सोडवत नाही माणसाला. मी पदर सोडवून घेतला.

कल्पना एकदम पसंत पडली. इतक्या लवकर इतक्या जणांचं एकमत त्या खोलीत कधी झालं नव्हतं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मित्तिर म्हणाले, उत्तम, लोकशाहीला धरून. बिश्वासांनी स्वतः उठून खिडक्या लावल्या. कुणीतरी म्हणालं, मग या मुलीने इथं बसणंही बरं नाही, दडपण येतं. आणि मीच वळून तिला म्हटलं, "अनिमा, तू जरा बाहेर बस." ती उठली. माझ्याकडे पाहत क्षणभर थांबली, मग गेली. मी दार लावून घेतलं.

खडूचं रिकामं खोकं आणलं. झाकणाला ब्लेडने चीर पाडली. कोऱ्या उत्तरपत्रिकांचे कागद फाडून सव्वीस चिठ्ठ्या केल्या. मी तर उत्साहाने मदत करत होते, चिठ्ठ्यांच्या कडा सरळ करत होते. प्रत्येकाने आपला हात आडवा धरून लिहिलं. काकांनीही हात आडवा धरला. माझ्याशेजारी बसून, माझ्यापासून लपवून! मला हसू आलं, म्हटलं काका नियम अगदी तंतोतंत पाळतात.

लाहिडी एकेक चिठ्ठी उघडून वाचायला लागले. ना. ना. ना. ना. पहिल्या पाच-सहांना मला काही वाटलं नाही, मी मनात म्हणाले, भित्र्यांच्या चिठ्ठ्या वर आल्यात. दहा झाल्यावर मी मोजायला लागले. अठराव्या चिठ्ठीला ते म्हणाले, हाँ. आणि पुन्हा ना. ना. शेवटपर्यंत ना. पंचवीस विरुद्ध एक.

एक माझं होतं.

मी काकांकडे वळले. ते पेनाला टोपण लावत होते. टोपण नीट बसत नव्हतं.

बाहेर आले तर अनिमा जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी होती. मी नुसती मान हलवली. ती म्हणाली, पाच वीसची लोकल आहे, आणि गेली. खरंच गेली, रडली नाही, काही नाही. युनियनच्या पोरांनी तिला वाट करून दिली. सभेत काय होणार हे त्यांना आधीच माहीत असावं, कारण त्यांनी आत डोकावायचा प्रयत्नसुद्धा केला नव्हता.

मग मला हळूहळू कळत गेलं ते असं. बिश्वासांचा धाकटा नऊ नंबरातच बसला होता, तापसच्या पलीकडच्या रांगेत, पुस्तक उघडून. आणखी दोघांचे भाचे-पुतणे त्याच केंद्रावर होते. खरा अहवाल गेला असता तर सगळ्या केंद्राची चौकशी लागली असती. आपला तो बाब्या, आणि गिरणीवाल्याची पोर म्हणजे दुर्दैव. मित्तिरांना पुढच्या वर्षी उपप्राचार्य व्हायचं होतं. एक-दोघांना तर काहीच कारण नव्हतं, त्यांना नुसती कटकट नको होती. मानेवर सुरी एकाच्याही नव्हती. मी त्यांची भीती काढून घ्यायला निघाले होते. त्यांना भीती नव्हतीच, थोडीशी लाज होती. दारापाशी स्टुलावर बसून ती पोर बघत होती ना, त्याची. मी ती लाज उचलून बाहेर नेऊन ठेवली आणि वर दार लावून घेतलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तरी हे इथे संपलं असतं तर मी इतकी भडकले नसते. हरणं मला माहीत आहे. पण दुसऱ्या दिवसापासून जे सुरू झालं त्याला मी तयार नव्हते.

शुक्रवारी मित्तिर ग्रंथालयाच्या वळणावर मला थांबवून, इकडेतिकडे बघून म्हणाले, तुम्हाला एकटं वाटू नये म्हणून सांगतो, ते एक मत माझं होतं. मी इतकी चकित झाले की थँक्यू म्हटलं. थँक्यू! शनिवारी प्रेमलताने डब्यातली भाजी माझ्या पानात वाढता वाढता तेच सांगितलं. तिच्या डोळ्यांत पुन्हा पाणी होतं. सोमवारी संस्कृतचे पंडितजी. मंगळवारी बिश्वास, हो, बिश्वास, ज्याचा मुलगा आत होता तो, माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाला की बापाचं काळीज बाजूला ठेवून मी ते मत दिलं, कुणाला बोलू नका. चौघांच्याही चेहऱ्यावर इतकं खरं दुःख होतं की मला वाटतं, सांगता सांगता त्यांना ते पटायलाही लागलं होतं. बुद्धीचा हा उपयोग मी पूर्वी पाहिला नव्हता. अडाणी माणूस खोटं बोलतो तेव्हा निदान त्याला माहीत असतं.

रोमचे श्रीमंत लोक मुलांना शिकवायला ग्रीक गुलाम विकत घ्यायचे. व्याकरण, काव्य, तत्त्वज्ञान, सगळं येणारे गुलाम. धन्याचा मुलगा चुकला तर त्याला रागवायची त्यांची प्राज्ञा नसे. पूर्वी मला त्यांची दया यायची. आता वाटायला लागलं की निदान त्यांना बाजारात साखळीने बांधून आणलेलं होतं. आमच्यातल्या कुणाच्या पायात साखळी होती?

पुढच्या रविवारी काका आले. त्या सभेनंतर आम्ही बोललो नव्हतो. काकूंनी करंज्या पाठवल्या होत्या, डबा त्यांनी टेबलावर ठेवला आणि खुर्चीच्या टोकाशी बसले. इकडची तिकडची दोन वाक्यं झाली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "शकुन, ते एक मत माझं होतं."

मी म्हटलं, "मग माझं कुठं गेलं, काका?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. माझंही मत हो असणार, आणि दोन हो निघालेच नव्हते, एवढं साधं गणित त्यांना येता येताना सुचलं नव्हतं, याचाच त्यांना धक्का बसला होता. मला वाटतं, बाकी चौघांना तर ते आजतागायत सुचलेलं नाही.

"मी तुला सांगितलं होतं हात वर करू दे म्हणून," ते शेवटी म्हणाले. "ती समोर बसली होती. तिच्यादेखत मी खाली हात ठेवला नसता. माझी मला खात्री नव्हती, म्हणूनच सांगत होतो."

मी विचारलं, कशासाठी? एक वर्ष राहिलं होतं तुमचं. ते म्हणाले, त्यासाठीच. निवृत्तिवेतनाच्या कागदांवर शिफारस कौन्सिलचीच लागते. एवढंच. लंडन नाही, पार्टी नाही, चाकू नाही. कागदांवरची शिफारस. मी त्यांना जा म्हणाले. ज्या माणसाने माझ्या वडिलांना खांदा दिला त्याला मी करंज्यांचा डबा परत हातात दिला आणि दार उघडून उभी राहिले. मला त्याचं वाईट वाटत नाही. वाटायला हवं, असं आई म्हणते.

मी माझा एकटीचा अहवाल विद्यापीठाला रजिस्टर पोस्टाने पाठवला, तुकड्यांसकट. तीन महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं की केंद्राच्या स्टाफ कौन्सिलने परीक्षा शांततेत पार पडल्याचं कळवलं आहे, सबब प्रकरण बंद. तुकडे परत आले नाहीत. निकाल लागला. नऊ नंबरातले एकेचाळीस पास, बिश्वासांचा धाकटा सेकंड क्लासमध्ये. स्टाफरूममध्ये संदेशाची मिठाई वाटली.

ते उत्तर घेऊन मी बजबजला गेले. हे पत्राने कळवणं मला जमलं नाही. मिलच्या भिंतीलगत एकाला एक लागून खोल्या, दुपारची वेळ, पाळी सुटलेली. अनिमा दारातच बसली होती, दाभण आणि सुतळी घेऊन. शाळेतली जागा जूनमध्येच दुसरीला गेली होती. ती आता मिलची पोती शिवत होती. मला पाहून उठली, बाईंना इकडे म्हणतात तसं 'दिदिमणी' म्हणत पाया पडली, चटई टाकली. मी कागद दिला. तिने दोन ओळी वाचल्या, घडी घालून परत केला आणि म्हणाली, मला वाटलंच होतं.

मग मला राहवलं नाही. मी तिला कबूल केलं की चिठ्ठ्या मी मागितल्या, ती माझी चूक झाली. आणि सांगितलं की पंचवीस विरुद्ध एक झालं, त्यातलं ते एक माझं.

ती हसली. वाईट हसली असं नाही, थकलेलं माणूस हसतं तसं. म्हणाली, दाखला न्यायला आले होते ना कॉलेजात, तेव्हा मित्तिर सरांनी बाजूला घेऊन हेच सांगितलं. प्रेमलता दिदिमणींनी सांगितलं. पंडितजींनी, बिश्वास सरांनी. प्राचार्यांनी सही करता करता सांगितलं. मोडक सरांनी तर पत्र पाठवलं.

मी म्हटलं, बघू. तिने आतून पोस्टकार्ड आणून दिलं. काकांचं ते सुरेख बंगाली अक्षर. वरची तारीख मी वाचली. माझ्या घरून डबा घेऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीची.

"सहा झाले," अनिमा म्हणाली. "तुम्ही सातव्या, दिदिमणी."

"माझं खरंच होतं," मी म्हटलं. माझा आवाज मला मित्तिरांसारखा ऐकू आला.

तिने सुतळीला गाठ मारली, दाभण उचललं आणि पोतं मांडीवर ओढून घेतलं.

"असेलही," ती म्हणाली. "मला काय माहीत? तुम्हीच मला बाहेर बसवलंत."